मोजल्याविना भाग बदलू नका

आमच्यासारख्यांच्या घरी जुनी गाडी ही चैन नसते, गरज असते. आमच्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ सालीच थांबले. पण वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी इंदोऱ्याहून धंतोलीला न्यायला आम्हाला तिचाच आधार आहे.

गेल्या पावसाळ्यात तिला एक खोड जडली. जाताना नीट जाई. दवाखान्यातून निघताना मात्र सेल्फ नुसता 'कट्' करी. थकलेले वडील आत बसलेले आणि मागे गाड्यांचे हॉर्न! मेकॅनिकने बॅटरी नवी टाकली, सेल्फ दुरुस्त केला. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी आयटीआय झालेल्या आमच्या पुतणीने मल्टिमीटर आणला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे ठणठणीत. मग तिने मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावली आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सेल्फ मारायला सांगितला. तेथे अर्धा व्होल्टही दिसायला नको, दिसले दोन! वीज बॅटरीतून निघते, तशी तिला परतही यावे लागते. त्या परतीच्या वाटेवर, अर्थिंगच्या पट्टीच्या बोल्टाखाली, गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, वर व्हॅसलिन लावले. त्यानंतर गाडी अडली नाही.

वाचक बंधुभगिनींनो, तोच बिघाड पुन्हा पुन्हा येत असेल, तर नवा भाग घेण्याआधी मीटर लावायला सांगा आणि आकडा स्वतः पाहा. कष्टाचा पैसा अंदाजावर खर्चू नका.