अंतुले, सिमेंट आणि निराधारांची रांग

शहापूर-मुरबाडकडच्या आमच्या मोहल्ल्यांत बॅरिस्टर अंतुल्यांचा विषय निघाला की बोलणं दोन वाटांनी जातं. एखादे चाचा म्हणतात, 'आपला माणूस होता, म्हणून पाडला.' आणि शेजारी बसलेला, बहुधा आपल्यातला नसलेला, हसून एकच शब्द टाकतो : सिमेंट. मला दोघांशीही भांडायचं आहे.

अब्दुल रहमान अंतुले रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे, कोकणी मुसलमान, जन्म १९२९ चा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले आणि १९६२ साली आमदार झाले. जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, जानेवारी १९८२ मध्ये पायउतार झाले. जेमतेम दीड वर्ष. त्यांच्याआधी महाराष्ट्राला मुसलमान मुख्यमंत्री मिळाला नव्हता, नंतरही मिळालेला नाही.

या दीड वर्षात कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे १ मे १९८१ ला निघाले. गंमत अशी की जिल्हा रायगड झाला तरी लोकसभेचा मतदारसंघ पुढे कितीतरी वर्षं कुलाबाच राहिला, आणि अंतुले तिथूनच खासदार होत राहिले. शिवरायांच्या राजधानीचं नाव जिल्ह्याला मिळालं ते एका मुसलमान मुख्यमंत्र्याच्या काळात, हे माहुली किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या लोकांनाही सांगावं लागतं.

पण मला त्यांची आठवण होते ती तहसील कचेरीत. मुरबाडला धसई-टोकावड्याकडून एसटीने आलेल्या बाया पिशवीत कागद घेऊन बसलेल्या असतात. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने सोडलेली, कुणी अपंग मुलाची आई. कातकरी, ठाकूर, कुणबी, मधूनच बुरख्यातली एखादी. विचारलं तर म्हणतात, 'संजय गांधीचं काम हाय.' म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती अंतुल्यांनी १९८० मध्ये सुरू केली. ज्याला कमावतं कुणी नाही त्याला दर महिन्याला सरकारने काही द्यायचं, एवढी साधी गोष्ट. तलाकशुदा बाईलाही ती लागू आहे. तलाकवर भाषणं ठोकणाऱ्या आपल्या आणि त्यांच्या पुढाऱ्यांपैकी किती जणांनी अशा एखाद्या बाईचा अर्ज भरून दिला असेल, देव जाणे. महिन्याचे पैसे फार नाहीत, तेही कधी दोन-तीन महिने अडकतात. पण ज्या घरात रोख पैसा येण्याची दुसरी वाटच नाही, तिथे त्यावर किराणा येतो.

आता सिमेंट. तेव्हा सिमेंटवर सरकारचं नियंत्रण होतं. घर बांधायचं तर कोट्यातून परवाना हवा आणि मालाची टंचाई. बिल्डरांना जादा कोटा मिळाला आणि अंतुल्यांनी काढलेल्या ट्रस्टांना बिल्डरांकडून देणग्या मिळाल्या. इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा त्यातला गाजलेला ट्रस्ट. अरुण शौरींनी १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमध्ये हे बाहेर काढलं. मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि कोटा यांचा संबंध जोडला, आणि अंतुल्यांना जावं लागलं. पैसा कलावंतांच्या मदतीसाठी होता हे खरं धरलं, तरी टंचाईतला माल देताना देणगी घेणं चूकच. त्यात मजहब कुठे आला?

'म्हणून पाडला' म्हणणाऱ्यांनी पुढचंही बघावं. रामदास नायक यांच्या फिर्यादीवरचा खटला सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये विशेष न्यायाधीशाकडून काढून हायकोर्टाकडे दिला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की तो आदेश कायद्याला धरून नव्हता आणि त्यामुळे आरोपीचा अपिलाचा हक्क बुडत होता. देशातल्या सर्वोच्च कोर्टाने अंतुल्यांसाठी स्वतःचाच आदेश मागे घेतला. वकिलीच्या वर्गात तो निकाल आजही शिकवतात. आपल्या मोहल्ल्यात मात्र कुणी सांगत नाही, कारण तो रडगाण्यात बसत नाही.

आणि सिमेंट म्हणून हसणाऱ्यांना विचारायचं ते एवढंच : १९८६ मध्ये मुलीच्या एमडीच्या गुणांवरून शिवाजीराव पाटील-निलंगेकर गेले, २०१० मध्ये 'आदर्श'वरून अशोक चव्हाण गेले. त्यांच्या समाजातल्या कुठल्या पोराला चहाच्या टपरीवर त्याचा जाब द्यावा लागला? अंतुल्यांचं सिमेंट मात्र चाळीस वर्षांनंतरही आमच्या अंगावर पडतं.

अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले. डिसेंबर २००८ मध्ये, अल्पसंख्याक खात्याचे मंत्री असताना, करकऱ्यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी शंका काढली आणि पुन्हा गदारोळ उठला. त्यांचं म्हणणं मला पटलं नव्हतं. पण त्या आठवड्यात ऐंशीला टेकलेल्या या काँग्रेसवाल्याला पाकिस्तानचा माणूस म्हणणारे जे निघाले, त्यांना रायगड हे नाव कुणाच्या सहीने आलं हे ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याच रायगडातून ते लोकसभा हरले, अनंत गीतेंकडून. २ डिसेंबर २०१४ ला मुंबईत वारले.

निराधार योजनेच्या अर्जावर त्यांचं नाव नाही. संजय गांधींचं आहे.