चढतच नाही

अण्णा गेले तेव्हा ५४ वर्षांचे होते. लिव्हर पार गेलं होतं. गावात त्यांची ख्याती अशी की कितीही घेतली तरी पाय डगमगायचा नाही. सकाळी मात्र बशीत चहा ओतताना हात थरथरायचा, अर्धा चहा खाली. आई न बोलता फडकं आणायची.

हॉस्टेलवर मी पहिल्यांदा प्यायलो तेव्हा बरोबरचे तिघे आडवे झाले. मी त्यांच्या उलट्या काढल्या, खोली धुतली आणि आठच्या लेक्चरला जाऊन बसलो. ‘याला चढतच नाही,’ असं पोरं सांगत फिरली. मला भारी वाटलं. त्या कौतुकावर मी नऊ वर्षं काढली.

व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरांनी विचारलं, “सुरुवातीला चढायची का?” नाही म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते सांगू लागले. अमेरिकेत मार्क शुकिट या संशोधकांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि दहा वर्षांनी पुन्हा गाठलं. व्यसनी बापांच्या मुलांपैकी ज्यांना कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनात सापडले. ज्यांना जास्त चढली, त्यांच्यातले १४ टक्के. शरीर ‘पुरे’ म्हणतच नाही, मग माणूस थांबणार कसा?

दुसरी गोष्ट मला रात्रभर झोपू देईना. १९८४ मध्ये हेन्री बेगलायटर यांनी व्यसनी बापांच्या ७ ते १३ वर्षांच्या मुलांच्या मेंदूचे आलेख काढले. थेंबही न चाखलेली पोरं. तरी एखादी वेगळी खूण दिसल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत उठणारी लाट त्यांच्यात बुटकी होती. म्हणजे बाटली हातात येण्याआधीच काहीतरी आलेलं असतं.

जनुकांचा वाटा साधारण निम्मा, असं डॉक्टर म्हणाले. सिगारेटच्या ओढीतही तो आहेच. माझी दारू सुटली, पण सिगारेट सुटायला आणखी चार वर्षं लागली. अण्णांना मात्र सगळ्यांनी एकच ऐकवलं: मनावर घे. मीही तेच ऐकवलं, ओरडून. याचं मला फार वाईट वाटतं.

यंदा मुलगा हॉस्टेलवर गेला. त्याला सांगितलं, “घेऊ नकोसच. पण कधी घेतलीस आणि इतरांपेक्षा कमी चढली, तर ग्लास तिथंच ठेव. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.”

परवा रात्री पाऊण वाजता फोन वाजला. “बाबा, मला काहीच होत नाहीये.”

हॉस्टेल तासाभराच्या अंतरावर आहे. मी गाडीची किल्ली शोधू लागलो.