उडी घ्यावी, पण उतरावे कसे?

जून महिन्याच्या २४ तारखेस संत योहान बाप्तिस्ताचा सण येतो. पावसाने भरलेल्या विहिरी, माथ्यावर फुलापानांचे मुकुट आणि 'सांजांव'चा घोष करीत पाण्यात उड्या घेणारे तरुण, हे दृश्य गोव्यातील आबालवृद्धांच्या परिचयाचे आहे. पवित्र मरियेचे अभिवादन कानी पडताच एलिझाबेथेच्या उदरातील बालकाने आनंदाने उडी मारली, हा शुभवर्तमानातील प्रसंग वडीलधारी मंडळी त्या दिवशी मुलांस सांगतात. उडी ही अशी आनंदाची खूण आहे. परंतु विहिरीचे खोल पाणी उडी घेणाऱ्यास झेलते, मैदानाची जमीन झेलत नाही. तेथे ज्याचे त्यानेच स्वतःस झेलावे लागते. हे झेलणे कसे असावे, याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आहे.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत भाताची कापणी आटोपली की शेतांचीच मैदाने होतात. कोठे फुटबॉल, कोठे दोन खांबांना जाळी बांधून व्हॉलीबॉल. एखाद्या धर्मगुरूने खेळाविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटू नये. गोव्यात फुटबॉल आणला तोच मुळी एका धर्मगुरूंनी, असे मानले जाते. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे आयरिश धर्मगुरू १८८३ साली शिवोलीस आले आणि तेथील मुलांस त्यांनी हा खेळ शिकविला. शिवोली म्हणजे आमच्या पेडण्यातील चोपडे गावाच्या समोर, शापोरा नदीच्या पैलतीरावर.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका शाळकरी मुलीस व्हॉलीबॉल खेळताना दुखापत झाली. तिला कोणी ढकलले नाही, कोणाचा धक्काही लागला नाही. जाळीजवळ उंच उडी घेऊन तिने चेंडू मारला, ती एका पायावर खाली आली, गुडघा आतल्या बाजूस वळला आणि ती जागीच बसली. सायंकाळपर्यंत गुडघा सुजून टम्म झाला. आतील अस्थिबंध तुटला असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. घरी नाना मते निघाली. आजी म्हणाली, दृष्ट लागली. काका म्हणाले, देवाची इच्छा. वडिलांनी तर निराळाच निकाल दिला. ते आमच्याकडे येऊन म्हणाले, "फादर, धाकटीचे नाव संघातून काढून टाका. मुलींना खेळ हवाच कशाला?" त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, भय होते. आम्ही त्यांस बसविले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले होते ते सांगितले.

पावसाळ्यापूर्वी घरावरील नळे उतरविताना आपण पाहतो, वरून टाकलेला नळा खालचा गडी ताठ हातांनी कधीच धरीत नाही. नळ्याबरोबर तो आपले हातही खाली नेतो आणि नळा शाबूत राहतो. उडीचेही तसेच आहे. खाली येताना शरीराचा वेग जमिनीपाशी थांबावयाचा असतो. तो एकदम थांबला तर धक्का मोठा, थोडा वेळ घेऊन थांबला तर धक्का लहान. जोरदार उडीनंतर पायांवर शरीराच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार सहज येतो. म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलीस क्षणभर दीडशे ते दोनशे किलोंचा भार सोसावा लागतो. घोटा, गुडघा आणि कंबर वाकली तर मांडीचे आणि नितंबाचे बळकट स्नायू तो वाटून घेतात. पाय ताठ राहिला तर मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या ओढीने नडगीचे हाड पुढे सरकू पाहते. त्यास आवरून धरणारा, करंगळीहूनही बारीक असा एक बंध गुडघ्याच्या मध्यभागी आहे. डॉक्टर मंडळी त्यास 'एसीएल' म्हणतात. अशा वेळी गुडघा आत कलंडला किंवा पिळला गेला की तो बंध तुटतो. बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पुन्हा मैदानात उतरण्यास नऊ महिने ते वर्षभर लागते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. पाय जमिनीस टेकल्यापासून बंध तुटेपर्यंत सेकंदाचा जेमतेम विसावा भाग जातो. एवढ्या अवकाशात कोणीही विचार करू शकत नाही. तेथे उपयोगी पडते ती केवळ सवय. संत थॉमस अक्वायनस यांनी सद्गुणास सवयच म्हटले आहे. मोहाच्या क्षणी माणूस नवा विचार करीत नाही, अंगी मुरलेले तेच वर येते. गुडघ्याचेही तसेच होय.

मुलींविषयीची भीती अगदीच निराधार नाही. फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींस ही दुखापत मुलांपेक्षा दुप्पट-तिप्पट अधिक होते. वयात येताना उंची आणि वजन वाढते, त्या मानाने स्नायूंचे बळ वाढत नाही, आणि पुष्कळ मुली ताठ पायांनी, गुडघे आत घेऊन उतरतात. परंतु यावर उपाय आहे. 'फिफा ११+' नावाचा सुमारे २० मिनिटांचा व्यायामक्रम २००६ साली तयार झाला. धावणे, तोल सांभाळणे, पायांचे बळ वाढविणे आणि उडीनंतर नीट उतरणे, एवढेच त्यात आहे. नॉर्वे देशात १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची परीक्षा झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हा व्यायाम करणाऱ्या मुलींत एकूण दुखापती सुमारे एकतृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या.

मग 'देवाची इच्छा' म्हणून स्वस्थ बसावे काय? सैतानाने प्रभू येशूस मंदिराच्या शिखरावर नेले आणि खाली उडी टाकण्यास सांगितले, देवदूत झेलतील असा भरवसाही दिला. प्रभूने देवाची परीक्षा पाहण्याचे नाकारले. जे आपल्या हाती आहे ते न करता देवदूतांवर हवाला ठेवणे ही श्रद्धा नव्हे.

आपल्या हाती जे आहे त्यास पैसा लागत नाही. वीतभर उंचीच्या पायरीवरून मुलांनी दोन्ही पायांवर खाली उतरावे. प्रथम चवडे टेकावेत, मग टाचा. गुडघे वाकावेत आणि पावलांच्या रेषेत राहावेत, एकमेकांकडे झुकू नयेत. उतरण्याचा आवाज ऐकावा. धप्प असा आवाज आला तर पाय ताठ होते, मांजरासारखे उतरले तर ठीक. हे साधले म्हणजे एका पायावर, मग वळून उतरण्याचा सराव करावा. जांभ्याच्या कठीण, खडबडीत जमिनीवर उड्यांचा सराव करू नये. व्हॉलीबॉलमध्ये जाळीखालून पलीकडे पाय टाकू नये, कारण दुसऱ्याच्या पावलावर उतरून घोटे मुरगळतात. आणि गुडघा काही तासांत सुजला तर तेल चोळीत बसू नये, त्यावर बर्फ ठेवून डॉक्टरांस दाखवावे.

ज्यांस दुखापत झालीच, त्यांनी लोयोलाच्या संत इग्नासीचे स्मरण करावे. १५२१ साली पांप्लोना येथे तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावरील त्या दीर्घ महिन्यांत त्यांनी प्रभूचे आणि संतांचे चरित्र वाचले, आणि पुढे ते जन्मभर लंगडत परंतु देवाच्या वाटेने चालले.

हे सारे ऐकून ते वडील काही न बोलता उठून गेले. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मात्र ते धाकटीस घेऊन चर्चच्या पायऱ्यांशी आले. आता शनिवारी तेथे वीस-पंचवीस मुलेमुली उतरण्याचा सराव करतात. थोरली अद्याप खेळत नाही. ती कठड्यावर बसते, डोळे मिटून कान देते, आणि कोणाच्या पावलांचा आवाज मोठा आला की त्याचे नाव घेऊन त्यास पुन्हा पायरीवर चढविते.

मातापित्यांनो, मेच्या सुटीत गावोगावी सामने सुरू होतील. त्यापूर्वी आपल्या अंगणातील पायरीपाशी एवढे अवश्य करून पाहावे. प्रभू आपल्या लेकरांच्या पावलांचे रक्षण करो.