न उबवलेली अंडी

सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांमध्ये एक जुना मापदंड आहे. आपल्याकडच्या प्राण्याने अंडी घातली, त्यातून पिल्लं निघाली आणि जगली, की पाळणं जमलं असं समजायचं. या मापदंडामागे अनुभव आहे. अनेक जाती इतक्या नाजूक असतात की उष्णता, ओलावा, उजेड आणि आहार यांतलं काही थोडं जरी चुकलं तरी मादी अंडीच घालत नाही. अशा प्राण्यांच्या बाबतीत पिल्लू हा पाळणाऱ्याच्या निगुतीचा पुरावा असतो. पण तोच मापदंड आपण आफ्रिकेतल्या सल्काटा कासवालाही लावत आलो आणि तिथे त्याने आपल्याला चुकीच्या वाटेला नेलं. सल्काटाची पिल्लं काढणं फार सोपं आहे. अवघड आहे ते त्या पिल्लांना पुढची पन्नास वर्षं पुरेल इतकी जमीन आणि तितका काळ सांभाळणारा माणूस मिळवून देणं. म्हणून हे कासव पाळणाऱ्याचं कौशल्य त्याने किती अंडी उबवली यावर न मोजता, किती अंडी न उबवता बाजूला ठेवली यावर मोजावं, असं माझं ठाम मत आहे.

हा प्राणी साहेल पट्ट्यातला, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठावर सेनेगल आणि मॉरिटानियापासून सुदान, इथिओपियापर्यंत पसरलेल्या कोरड्या गवताळ मुलखातला. गालापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची महाकाय कासवं सोडली तर जगातलं सर्वांत मोठं भूचर कासव हेच. पूर्ण वाढलेला नर सहज ४०-५० किलोंचा होतो, काही १०० किलोंच्या घरात जातात. बाहेर जमीन तापलेली आणि महिनोन्‌महिने पाऊस नाही, अशा काळात हे कासव पुढच्या पायांनी खोदलेल्या कित्येक मीटर लांब बिळात राहतं. आत गारवा असतो आणि हवेत ओलावाही असतो. या बिळाचं महत्त्व पाळणाऱ्यांच्या फार उशिरा लक्षात आलं. वाळवंटी प्राणी म्हणून पिल्लांना कोरडं ठेवायचं आणि कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे आले की दोष जास्तीच्या प्रथिनांना द्यायचा, अशी रीत होती. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या दोन संशोधकांनी सल्काटाच्याच पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हवेतल्या ओलाव्याचा परिणाम मोठा आणि प्रथिनांचा किरकोळ निघाला. तेव्हापासून पिल्लांना उबदार, दमट कोपरा, रोज कोमट पाण्यात बसवणं, भरपूर गवत, कॅल्शियम आणि अतिनील किरणांचा दिवा देण्याची पद्धत रूढ झाली. कवचं गुळगुळीत होऊ लागली, पिल्लं जगू लागली. आपल्या विद्येची ही खरी प्रगती आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा, की जन्मलेल्या पिल्लांपैकी मोठी होणारी कासवं आता पूर्वीपेक्षा अधिक आहेत आणि ती जबाबदारीही आपलीच आहे.

साधा हिशेब मांडून पाहू. मादी एका वेळी साधारण १५ ते ३० अंडी घालते आणि एका हंगामात अनेकदा घालते. समजा, एका मादीची एका वर्षात फक्त ४० पिल्लं जगली. आज ती लिंबाएवढी आहेत, सगळी मिळून एका टोपलीत मावतील. चांगलं खायला मिळालं तर दहा-पंधरा वर्षांत त्यातलं प्रत्येक ४० किलोंच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे एका मादीच्या एका वर्षाच्या अंड्यांचं १,६०० किलो कासव होतं. यातल्या प्रत्येकाला मोठं अंगण हवं, जमिनीत खोलवर रोवलेलं कुंपण हवं, आणि हे कासव शीतनिद्रा घेत नसल्यामुळे थंडीत गरम ठेवलेली खोलीही हवी. दोन नर एकत्र ठेवले तर मानेखालच्या कवचाच्या शिंगाने एकमेकांना उलथवतात आणि उलथलेलं कासव उन्हात मरू शकतं. तेव्हा चाळीस कासवं म्हणजे जवळजवळ चाळीस अंगणं. इतकी घरं शोधूनच मग इन्क्युबेटर लावणारा पाळणारा विरळा.

याचा शेवट कसा होतो ते अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात दिसतं. तिथली हवा सल्काटाला मानवते, त्यामुळे ते घरोघरी आलं आणि मालकांना झेपेनासं झालेलं सल्काटा आता फीनिक्स हर्पेटोलॉजिकल सँक्च्युअरीसारख्या निवारा संस्थांकडे येत राहतं. त्याच राज्यात मूळचं वाळवंटी कासवही आहे. ते सल्काटापेक्षा पुष्कळ लहान. त्यातली माणसांकडे वाढलेली कासवं तिथलं वन्यजीव खातं दत्तक देतं, कारण ती पुन्हा रानात सोडता येत नाहीत. पाळीव कासवांतून मायकोप्लाझ्मा जिवाणूमुळे होणाऱ्या रोगासारखे श्वसनाचे रोग रानातल्या कासवांत पसरू शकतात. म्हणूनच दत्तक घेणाऱ्याला तिथे नर-मादी एकत्र ठेवून पिल्लं न वाढवण्याचा सल्ला दिला जातो. कासव कुणाच्या तरी घरी नीट जगावं यासाठी झटायचं आणि त्याच वेळी त्याची संख्या वाढू द्यायची नाही, ही दोन्ही कामं एकाच निष्ठेने करता येतात हे त्या व्यवस्थेने दाखवलं आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप संवर्धनाचा आहे. सल्काटा रानात धोक्यात आहे, मग पाळणाऱ्यांनी त्याची पिल्लं काढणं हे पुण्यकर्म नव्हे का? या आक्षेपात अर्धं सत्य आहे. २००० साली वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटस करारानुसार रानातून पकडलेल्या सल्काटाच्या व्यापारी निर्यातीचा कोटा शून्यावर आणला गेला. त्याच वर्षी अमेरिकेने गोचिडांतून गुरांना होणाऱ्या हार्टवॉटर रोगाच्या भीतीने या कासवाची आयात बंद केली. अशा वेळी बाजाराची मागणी बंदिवासात जन्मलेल्या पिल्लांनी भागवली आणि रानावरचा भार हलका व्हायला मदत झाली, हे मान्य करायला हवं. पण ते काम झालं. मागणीपेक्षा जास्त पिल्लं असलेल्या बाजारात आणखी एक पिल्लू आलं म्हणून साहेलमधलं एकही कासव वाचत नाही. तिथला प्रश्न अतिचराई, शेतीखाली जाणारी जमीन, वणवे आणि चोरटी पकड यांचा आहे. सेनेगलमध्ये डाकारजवळ नोफ्लाय इथल्या कासवांच्या गावात स्थानिक सल्काटा वाढवून फेर्लोच्या संरक्षित भागात सोडण्याचं काम झालं आहे. तिथे प्राण्याचं मूळ ठाऊक असतं आणि त्याला परत जायला रान असतं. ॲरिझोनाच्या परसातल्या कासवाचे पूर्वज सेनेगलचे की सुदानचे हेच कळत नाही, त्यामुळे त्याची पिल्लं या कामाला जोडता येत नाहीत. संवर्धनाची तळमळ असलेल्याने पिल्लांवर होणारा खर्च त्या रानाकडे वळवावा, हे जास्त प्रामाणिक ठरेल.

दुसरा आक्षेप मायेपोटी येतो आणि त्याला उत्तरही मायेनेच द्यायला हवं. घातलेली अंडी फेकून देणं क्रूर नाही का? मादी नराशिवायही अंडी घालू शकते आणि एकदा समागम झाला की नराचं बीज शरीरात दीर्घकाळ साठवू शकते, म्हणून नर वेगळा केल्यावरही फलित अंडी येत राहतात. तिला अंडी घालू न देणं हीच खरी क्रूरता. खोदायला मोकळी, खोल माती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकतात आणि त्यात ती दगावू शकते. तेव्हा तिला माती द्यावी, कॅल्शियम द्यावं, खोदताना त्रास देऊ नये आणि ती निघून गेल्यावर त्याच दिवशी अंडी काढून गोठवावीत. नुकत्याच घातलेल्या अंड्यात भ्रूणाची वाढ अगदी आरंभीच्या टप्प्यावर थांबलेली असते. त्याला वेदना जाणवेल असं काही अजून घडलेलं नसतं. जागेअभावी बाल्कनीत कोंडलेल्या, कवच वेडंवाकडं झालेल्या आठ वर्षांच्या कासवाच्या यातना मात्र खऱ्या असतात. हातातलं अंडं गोठवताना मन कचरतं, हे स्वाभाविक आहे. मात्र त्या क्षणाचा त्रास आपण सोसला नाही, तर पुढे तो कासवाला वर्षानुवर्षं सोसावा लागतो.

आपण थांबलो तरी व्यापारी पिल्लं विकतच राहणार, असंही म्हटलं जातं. राहतील. पण नवखा माणूस कुणाकडे पाहून शिकतो याचा विचार करावा. अनुभवी पाळणारा पिल्लांचे फोटो मिरवतो तेव्हा नवख्याला वाटतं की या विद्येचा कळस हाच. तोच माणूस निवाऱ्यातून आणलेलं मोठं कासव आणि त्याच्यासाठी खोदलेलं बीळ दाखवू लागला, तर नवख्याची इच्छाही त्या दिशेने वळेल. मुलांना कुतूहल वाटावं म्हणून पिल्लूच लागतं असंही नाही. तीस किलोंचं कासव गवत कसं तोडतं, कसं खोदतं हे पाहण्यात तितकंच नवल आहे.

पुण्या-मुंबईच्या पाळीव प्राण्यांच्या बाजारातही सल्काटाचं पिल्लू आता अपरिचित नाही, म्हणून हा विचार आपल्यालाही लागू आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने साइटस यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि २०२४ च्या नियमांनुसार ते बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. प्राण्याच्या जन्माचीही नोंद करावी लागते. कायदा नोंद मागतो. जमीन मात्र पाळणाऱ्यालाच शोधावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती मिळणार नाही. कोकणातल्या अंगणात जागा असली तरी पावसाळ्यातली गार, ओली माती त्याची फुफ्फुसं बिघडवते. आणि झेपत नाही म्हणून ते तळ्यात सोडलं तर ते बुडून मरतं, कारण त्याला पोहता येत नाही. ज्याला सल्काटा पाळायचंच आहे त्याने कुणाला तरी जड झालेलं एक मोठं कासव घ्यावं, ते एकटं ठेवावं आणि आपल्यानंतर ते कोण सांभाळणार हे लेखी ठरवून ठेवावं. पाळणाऱ्याची थोरवी ठरवताना आपण पिल्लांची संख्या विचारणं सोडून, हा कागद तयार आहे का असं विचारू लागलो, तर ही विद्या या कासवाच्या उपयोगी पडू लागेल.