ग्रँड कॅन्यन : कड्यावरून की आकाशातून?

आपल्या खेड्यांतील पुष्कळ घरांची मुले आज नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत, आणि सुटीत ती आईवडिलांना तिकडे बोलावून घेतात. अशा प्रवासाच्या बेतात ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन ही प्रचंड दरी बहुधा असतेच. आणि तेथे पोहोचताच प्रत्येक कुटुंबापुढे एक प्रश्न उभा राहतो : हेलिकॉप्टरमधून ही दरी पाहावी काय? माझा धाकटा भाऊ, त्याची पत्नी, चौदा वर्षांचा पुतण्या आणि आमची वृद्ध मावशी यांच्यासमवेत मी तेथे गेलो, तेव्हा आम्हांलाही या प्रश्नाचा निर्णय करावा लागला. पुढे जाणाऱ्यांस उपयोगी पडावे म्हणून त्याविषयी चार शब्द लिहितो.

कोलोरॅडो नदीने खडक कोरकोरून निर्माण केलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि सुमारे १,६०० मीटर खोल आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा. तसले तीस धबधबे एकावर एक रचावेत, तेव्हा कोठे तळापासून कड्यापर्यंत पोहोचता येईल.

एवढ्या भव्य वस्तूपुढे मनुष्याची दृष्टी फसते. १५४० साली कार्देनास नावाच्या सरदाराबरोबर काही स्पॅनिश शिपाई या कड्यावर आले. खालची नदी त्यांना वावभर रुंदीची वाटली. तिघेजण खाली उतरू लागले. पण एक तृतीयांश वाट उतरून त्यांना परतावे लागले. वरून जे खडक माणसाएवढे दिसत होते, ते सेव्हिल शहरातील मोठ्या मनोऱ्याहूनही उंच असल्याचे त्यांनी सोबत्यांना सांगितले. जे उतरले त्यांनाच दरीचे माप कळले. वर राहिलेल्यांना ते ऐकूनच मानावे लागले.

आता हेलिकॉप्टरचा हिशेब पाहू. दक्षिण कड्यापासून सुमारे दहा किलोमीटरांवरील टुसायान गावच्या विमानतळावरून ही उड्डाणे होतात. अर्ध्या तासाच्या फेरीस माणशी सुमारे तीनशे डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांहून अधिक रुपये पडतात. आम्हां पाचजणांचा खर्च सव्वा लाखाच्या वर गेला असता. त्या अर्ध्या तासातील काही वेळ पाइनच्या अरण्यावरून जाण्यायेण्यातच जातो. मात्र अरण्य संपून पायांखालची भूमी एकाएकी नाहीशी होते, तो क्षण विलक्षण असतो असे जाऊन आलेले सांगतात, आणि ते खरेच असावे. शिवाय समोरचा उत्तर कडा सरळ रेषेत सोळा किलोमीटरांवर दिसत असला, तरी रस्त्याने तेथे जाण्यास सुमारे ३४५ किलोमीटरांचा वळसा पडतो; हेलिकॉप्टर तो काही मिनिटांत गाठते.

धोक्याचाही विचार करणे प्राप्त आहे. १९८६ साली याच दरीवर प्रेक्षणासाठी उडणारे एक विमान व एक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन पंचवीस जण मृत्यू पावले. त्यानंतर १९८७ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत कड्याच्या खाली उडण्यास मनाई झाली, आणि काही भाग उड्डाणांना पूर्णपणे बंद करण्यात आला. २०१८ च्या फेब्रुवारीत दरीच्या पश्चिम भागात, ज्या हुआलापाई लोकांच्या भूमीवर हेलिकॉप्टरला तळाशी उतरता येते तेथे, एक हेलिकॉप्टर कोसळून पेटले व पाच प्रवासी दगावले. असे अपघात नित्य होत नाहीत; तरी वारा कसा आहे आणि इंधनाची टाकी आघात सोसणारी आहे काय, हे दोन प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी निःसंकोच विचारावेत.

आमच्या भावाचा आग्रह मावशीसाठी होता. "तिचे गुडघे गेलेले, ती खाली उतरणार नाही, तर निदान वरून तरी पाहू दे," असे तो म्हणे. होपी पॉइंटवर मावशीने खाली बोट दाखवून विचारले, "तो ओहोळ कसला रे?" तो ओहोळ नव्हे, सुमारे नव्वद मीटर रुंदीची नदी आहे, असे मी सांगितले. दुर्बिणीतून बराच वेळ पाहून ती म्हणाली, "मग आणखी वर गेल्यावर तर हे सगळे आणखीच लहान दिसेल. मला इथेच बसू द्या."

तिच्या शब्दाने निर्णय झाला. कड्याच्या काठाने एक फरसबंद वाट आहे. तिच्यावर प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे, अशा खुणा बसविल्या आहेत आणि दरीतील निरनिराळे खडक क्रमाने मांडले आहेत. मावशीला चाकांच्या खुर्चीत बसवून आम्ही त्या वाटेने नेले. प्रत्येक खडकाला ती हात लावी. तळाचे सर्वांत जुने खडक सुमारे १८० कोटी वर्षांचे! भाऊ व पुतण्या ब्राइट एंजल पायवाटेने अडीच किलोमीटर उतरून पहिल्या विसाव्याच्या जागेपर्यंत गेले. उतरण्यास लागला त्याच्या दुप्पट वेळ त्यांना चढण्यास लागला. हेलिकॉप्टरविषयीची मुलाची हुरहुर मात्र सरली नाही, आणि त्यासाठी मी त्यास दोष देत नाही.

याच दरीच्या एका फाट्यात सुपाई नावाचे हावासुपाई लोकांचे गाव आहे. तेथे मोटारीचा रस्ता नाही. टपाल खेचरांच्या पाठीवरून तेरा किलोमीटर उतरून जाते, आणि माणसे व सामान यांसाठी हेलिकॉप्टरही ये-जा करते. त्या गावकऱ्यांना उड्डाण ही गरज आहे. प्रवाशाला ती हौस आहे. हौस करू नये असे मी म्हणत नाही. ज्याची शिल्लक त्या खर्चाने डळमळत नाही, आणि ज्याने कड्यावर निदान एक दिवस शांतपणे घालविला आहे, त्याने खुशाल उडावे. पण मुलाने कर्ज काढून किंवा मुक्कामाचे दिवस कमी करून आपणांस आकाशात नेण्याचे योजले असेल, तर आईवडिलांनीच प्रथम "नको" म्हणावे. कड्यावरून जाणाऱ्या उद्यानाच्या बसगाड्यांना तिकीट लागत नाही. आणि सूर्य मावळताना खडकांचे रंग पालटतात, ते पाहण्यासाठी नुसते बाकावर बसून राहावे लागते.