अरण्यातील प्रयोगशाळा
(एक माजी विद्यार्थी)

शाळेची सहल म्हणजे डबा, गाणी आणि परतीच्या वाटेवरची पेंग, ही आपली जुनी समजूत आहे आणि तिच्यात वाईट असे काही नाही. सहलीने मन मोकळे होते, मैत्री घट्ट होते, आणि भूगोलाच्या पुस्तकात नुसते नाव म्हणून वाचलेले ठिकाण एकदा डोळ्यांनी पाहिले की जन्मभर विसरत नाही. परंतु सहलीचा आणखी एक प्रकार आता जगात रूढ झाला आहे. त्यात मुले अरण्य पाहायला जात नाहीत. अरण्य मोजायला जातात. वरवर पाहता हा फरक एका शब्दाचा आहे. पण त्या एका शब्दात शास्त्राचे पुष्कळसे मर्म साठवले आहे, असे मला अनुभवाअंती वाटू लागले आहे.

मी या शाळेचा जुना विद्यार्थी. बेळगावच्या लाल मातीत वाढलो आणि पोटापाण्याची वाट चालता चालता अमेरिकेतील एका माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवू लागलो. तेथील विद्यार्थ्यांबरोबर मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या चिमुकल्या देशात जाण्याचा योग मला दोनदा आला. संपादकांनी वार्षिकासाठी लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा त्या प्रवासाखेरीज दुसरा विषय मनात आला नाही.

कोस्टा रिकाचे क्षेत्रफळ अवघे एक्कावन्न हजार चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या कर्नाटक राज्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. या देशाने १९४८ साली आपले सैन्य मोडीत काढले. १९८० नंतरच्या दशकात तेथील अरण्य तोडून तोडून देशाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शावर आले होते. पुढे १९९६ साली कायदा होऊन अरण्य तोडून तेथे शेते वा कुरणे करण्यास बंदी आली. आपल्या जमिनीवरची झाडे राखणाऱ्या शेतकऱ्यास मोबदला मिळू लागला. आज त्या देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा वृक्षाच्छादित आहे. एवढ्याशा भूमीवर जगातील सुमारे पाच टक्के जीवजाती नांदतात असे मानले जाते.

साहजिकच शास्त्रज्ञांची पावले तिकडे वळली. १९६३ साली काही विद्यापीठांनी एकत्र येऊन उष्ण कटिबंधाच्या अभ्यासासाठी एक संघटना स्थापन केली, आणि १९६८ साली तिने 'ला सेल्वा' नावाचे अरण्य विकत घेऊन तेथे संशोधन केंद्र चालवले. 'ला सेल्वा' याचा अर्थच मुळी 'अरण्य'. दोन नद्यांच्या संगमावर सुमारे सोळाशे हेक्टरांचे हे रान पसरले आहे आणि तेथे वर्षाला चार मीटर पाऊस कोसळतो. विद्यापीठांतील पंडितांप्रमाणेच शाळकरी मुलांचे गटही तेथे काही दिवस राहून काम करू शकतात. ज्या देशांत चार-पाच महिने बर्फ पडते, तेथील मुलांना एका झाडावर दहा प्रकारच्या वेली आणि एका वेलीवर दहा प्रकारचे किडे पाहून प्रथम काही सुचतच नाही, ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

पण नवलाईचा हा पहिला दिवस सरला की कामाला जुंपावे लागते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवल्याखेरीज पायवाटेवर पाऊल टाकायचे नाही, कारण 'टर्सिओपेलो' नावाचा अतिविषारी सर्प पालापाचोळ्यात पाचोळ्यासारखाच दिसतो. न पाहता कोणत्याही वेलीला हात लावायचा नाही, कारण तेथे बोटाच्या पेराएवढी एक काळी मुंगी असते. तिचा दंश बंदुकीच्या गोळीसारखा वाटतो, म्हणून तिला 'गोळी मुंगी' हेच नाव पडले आहे.

झाडांची जाडी मोजण्याचे काम दिसायला सोपे. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर फीत गुंडाळायची आणि आकडा लिहायचा. पण या रानातील मोठ्या वृक्षांना भिंतीसारखी आधारमुळे फुटलेली असतात. तेव्हा शिडी लावून त्यांच्याही वर फीत न्यावी लागते. मुले विचारतात, खोडातील वर्तुळे मोजून झाडाचे वय काढता येत नाही का? येथेच उष्ण कटिबंधाचा पहिला धडा मिळतो. थंड देशात हिवाळ्यात झाडाची वाढ थांबते, म्हणून वर्षाला एक ठळक वर्तुळ उमटते. जेथे हिवाळाच नाही, तेथे बहुतेक झाडे आपल्या वयाची अशी चोख नोंद ठेवत नाहीत. ती नोंद माणसाने ठेवायची. वर्षानुवर्षे त्याच झाडाला, त्याच उंचीवर फीत लावून. पनामातील बारो कोलोराडो बेटावर पन्नास हेक्टरांतील एक सेंटीमीटरहून जाड असलेले प्रत्येक झाड १९८० नंतरच्या दशकापासून असे मोजले जात आहे, आणि आपल्याकडे मुदुमलाईच्या अरण्यात १९८८ पासून तशाच पन्नास हेक्टरांवर काम चालू आहे.

पाने कापणाऱ्या मुंग्यांची गणतीही मुलांना आवडते. हिरव्या पानाचे तुकडे छत्रीसारखे डोक्यावर धरून त्यांची रांग चाललेली असते. ही पाने त्या खात नाहीत. वारुळात नेऊन, चावून, त्यांच्या लगद्यावर बुरशीची शेती करतात आणि ती बुरशी खातात. मिनिटाला किती मुंग्या ओझे घेऊन गेल्या, किती रिकाम्या हातांनी परतल्या, पावसाची सर येताच किती जणींनी ओझे टाकून दिले, असे प्रश्न मुले स्वतःच काढतात.

परंतु ज्या कामाने मला सर्वाधिक शिकवले, ते पालापाचोळ्याचे. दोरीने एक चौकट आखायची, काठीने प्रथम चाचपायचे, मग जाड हातमोजे घालून एकेक पान उचलायचे, खाली दडलेले बेडूक व सरडे मोजायचे आणि पाचोळ्याचा थर किती जाड आहे ते पट्टीने पाहायचे. तेथे लाल अंगाचा आणि निळ्या पायांचा एक विषारी बेडूक आहे. त्याची लांबी दोन सेंटीमीटरांच्या आसपास. या इवल्याशा बेडकाची मादी आपले एकेक पिल्लू पाठीवर घेऊन झाडावर चढते, पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात ते सोडते आणि पुढे त्याच्या खाण्यासाठी तेथे अंडी घालून जाते. हे वाचून जाणणे वेगळे आणि आपल्या चौकटीत तो जीव सापडणे वेगळे.

दुसऱ्या वर्षीच्या प्रवासात चार मुलांच्या एका गटाकडे बारा चौकटी होत्या. आठ झाल्या आणि पाऊस कोसळला. उरलेल्या चार चौकटींसमोर एका मुलाने अदमासाने आकडे लिहून टाकले. आधीच्या आठ चौकटींत जसे आले तसेच. दोन ठिकाणी शून्य आणि दोन ठिकाणी एकेक बेडूक. रात्री कंदिलाशी वही नीट करताना गटातल्या एका मुलीच्या ते ध्यानात आले, कारण पट्टी तिच्या हातात होती आणि त्या चौकटींत ती टेकलीच नव्हती. तिने तक्रार केली नाही. तिने वही टेबलाच्या मध्यभागी ठेवली आणि सर्वांना पाहू दिली.

वाद झाला. मुलगा काही लबाड नव्हता, दमलेला होता. तो म्हणाला, "आकडे खरे असण्याचाच संभव अधिक आहे. आणि कोणाला कळणार आहे?" मुलगी शांतपणे म्हणाली, "कोणालाच कळणार नाही, म्हणून तर ते ठेवता येत नाहीत." मी मध्ये पडलो नाही, तशी आवश्यकताच उरली नाही. त्या मुलाने स्वतःच पेन घेतले, त्या चार ओळींवर एकेक रेघ मारली, खालचे आकडे वाचता येतील अशी, आणि बाजूला लिहिले, 'मोजले नाही'. पहाटे चौघेही पुन्हा रानात गेले. त्या चारही चौकटींत मिळून एकही बेडूक सापडला नाही.

शून्य! परंतु हे शून्य किती मोलाचे असते, ते ला सेल्वाच्याच इतिहासावरून कळते. तेथील जुन्या व नव्या गणत्या एकत्र करून २००७ साली शास्त्रज्ञांनी जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो मन अस्वस्थ करणारा होता. पाचोळ्यातील बेडूक व सरडे पस्तीस वर्षांत सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी घटले होते, आणि तेही राखलेल्या, न तोडलेल्या अरण्यात. हवामान पालटत गेल्याने पाचोळ्याचा थर कमी झाला असावा, असा त्यांचा तर्क होता. आता कल्पना करा, त्या पस्तीस वर्षांत प्रत्येक दमलेल्या निरीक्षकाने रिकाम्या चौकटीसमोर 'साधारण एक' असे लिहिले असते, तर? अरण्य मुके होत गेले असते आणि वह्या मात्र भरलेल्या दिसल्या असत्या.

त्याच देशातील मोंतेवेर्देच्या ढगाळ डोंगरावर सोनेरी भेक राहत असे. १९८७ साली तो शेकड्यांनी दिसला. १९८९ साली एकच दिसला. त्यानंतर आजवर दिसलेला नाही. कोणी मोजत होते, म्हणूनच ही दोन वर्षे आपल्याला ठाऊक आहेत.

आता या सहलींवर जे आक्षेप घेतले जातात, तेही सांगायला हवेत. त्यांचा खर्च फार असतो. पुष्कळ पालकांना तो झेपत नाही, आणि माझ्याच वर्गातील काही हुशार मुले केवळ पैशाअभावी मागे राहिली आहेत. विमानाच्या धुराने हवा तापवायची आणि तापलेल्या हवेने अरण्याचे काय झाले ते पाहायला जायचे, यात विसंगती आहे. शिवाय दहा दिवसांच्या पाहुण्यांनी केलेल्या मोजमापाचा शास्त्राला उपयोग किती, हाही रास्त प्रश्न आहे. याला माझे उत्तर एवढेच, की जेथे मुलांचे काम वर्षानुवर्षांच्या गणतीत मिसळते तेथे ते सार्थकी लागते. जेथे मोजणे हे नुसते छायाचित्रापुरते असते तेथे ती सहल महागडी करमणूक होय.

परंतु याहून खोल प्रश्न मला तेथील एका वाटाड्याने विचारला. चाळीस वर्षे त्या रानात वावरलेला तो गृहस्थ. मला तो 'प्रोफे' म्हणे. आपल्याकडच्या 'मास्तर' या हाकेतला आदर आणि आपलेपणा दोन्ही त्यात आहेत. एका दुपारी झाडाखाली बसलो असता त्याने विचारले, "प्रोफे, तुमच्या देशात अरण्य नाही का?" मी मोठ्या अभिमानाने सह्याद्री सांगितला. आंबोलीचा पाऊस सांगितला. तो तर ला सेल्वाहूनही अधिक. चोर्ल्याचा घाट सांगितला. गोव्यातील मोरजी आणि गालजीबाग येथे रात्री किनाऱ्यावर येणारी कासवे सांगितली. त्याने सारे लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, "मग तुमच्या गावची मुले तेथे काय मोजतात?"

मित्रहो, हा प्रश्न मी तुमच्यासाठी जपून आणला आहे. ला सेल्वा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे दहा अंशांवर आहे आणि बेळगाव सुमारे सोळा अंशांवर. जे उष्ण कटिबंधीय अरण्य पाहण्यासाठी परदेशची मुले समुद्र ओलांडतात, ते तुमच्यापासून बसने दोन-अडीच तासांवर आहे. आंबोलीच्या कातळावर राहणारा एक भेक २००९ साली शास्त्राला प्रथमच नवी जात म्हणून ज्ञात झाला, आणि तो आज अत्यंत संकटग्रस्त मानला जातो. तेव्हा सारे शोध लागून संपले, आपल्यासाठी काही उरले नाही, असे कोणी म्हणू नये.

वयाची अडचणही सांगू नका. १९८७ साली स्वीडनमधील एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत बाई उष्ण कटिबंधातील अरण्यांविषयी शिकवत होत्या. एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, आपण काय करू शकतो? मुलांनी वस्तू विकून, कार्यक्रम करून पैसे जमवले आणि मोंतेवेर्देजवळची थोडी जमीन विकत घेण्यास दिले. पुढे अनेक देशांतील मुलांनी त्यात भर घातली. आज 'मुलांचे चिरंतन अरण्य' या नावाने तेथे बावीस हजारांहून अधिक हेक्टर रान उभे आहे. त्या मुलांपैकी बहुतेकांनी ते अरण्य डोळ्यांनी पाहिलेही नसेल.

तुमच्यापैकी कोणी परदेशी जाईल, तर आनंदाने जावे. जाताना मुलांपेक्षा वाटाड्यांकडून अधिक शिकावे. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी हळहळू नये. एक पट्टी, एक दोरी, एक पर्जन्यमापक आणि एक वही, एवढे साहित्य कोणत्याही शाळेस परवडते. शाळेच्या आवारातील दहा झाडांची जाडी दर जून महिन्यात मोजा. पहिल्या पावसानंतर बेडकांचा आवाज कोणत्या तारखेस ऐकू आला, ते लिहा. तुम्ही शाळा सोडून जाल तेव्हा वही पुढच्या वर्गाच्या हाती द्या. ज्या दिवशी काहीच आढळणार नाही, त्या दिवशी प्रामाणिकपणे शून्य लिहा. आणि ज्या दिवशी मोजायला जाणे जमले नाही, त्या दिवशी 'मोजले नाही' असे लिहा. या दोन नोंदींतला भेद ज्याला कळला, त्याची प्रयोगशाळा त्याच्या दारातच सुरू झाली.