साठीनंतरचीं मुळाक्षरें

"अहो, त्या पायरीवर आज कसला मंत्र लिहितां आहां?" हा प्रश्न गेल्या वर्षभरांत मला आमच्या स्वयंपाकघरांतून अनेक वेळां विचारला गेला आहे. प्रश्न अगदींच निराधार आहे असें नाहीं. सकाळचा चहा झाला कीं मी तांब्याभर पाणी आणि एक जाडसा कुंचला घेऊन अंगणांतील जांभ्या दगडाच्या पायरीजवळ बसतों व पाण्यानें अक्षरें काढतों. जांभा दगड पाणी पितो; अक्षर क्षणभर काळसर उमटतें आणि मग उन्हानें कडेकडेनें वाळत नाहींसें होतें. चीनमधील शहरांतून म्हातारीं माणसें सकाळीं उद्यानांतल्या फरसबंदीवर अशींच पाण्याचीं अक्षरें काढीत असतात, असें वाचल्यापासून मला हा छंद लागला. याला कागद लागत नाहीं, शाई लागत नाहीं आणि चुकलेलें अक्षर खोडावेंहि लागत नाहीं. या उद्योगानें निदान पायरी तरी धुतली जाते, एवढाच त्याचा उपयोग आमच्या घरीं मान्य झाला आहे. आषाढांत मात्र सारें जग आधींच ओलें असल्यामुळें मला सक्तीची सुटी मिळते.

वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं चिनी भाषा शिकण्याचें कारण काय, असें रत्नागिरींत मला पुष्कळांनीं विचारलें. विचारणारा पाहून मी उत्तर देतों. कोणाला सातव्या शतकांत पुलकेशीच्या महाराष्ट्रांत येऊन गेलेल्या ह्युएनत्संगाचें नांव सांगतों. कोणाला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचें सांगतों: १९३८ सालीं ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्यें गेले, तेथील भाषा शिकून तिच्यांतच चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवूं लागले आणि १९४२ च्या डिसेंबरांत, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. फारच विद्वान् गृहस्थ भेटले तर पुण्याच्या प्रा. पु. वि. बापटांचा दाखला देतों. मूळ हरवून चिनी भाषांतरांतच पूर्णपणें उरलेला 'विमुत्तिमग्ग' हा बौद्ध ग्रंथ त्यांनीं 'विसुद्धिमग्गा'शीं ताडून पाहिला आणि तो अभ्यास १९३७ सालीं प्रसिद्ध केला. हीं तिन्ही नांवें उच्चारलीं म्हणजे ऐकणाराची शंका फिटते व माझी प्रतिष्ठा वाढते.

परंतु खरें कारण नऊ वर्षांचें आहे. माझा मुलगा सिंगापुरांत असतो आणि त्याचा मुलगा तेथील शाळेंत दुसरी भाषा म्हणून चिनी शिकतो. त्याचें मराठी जेवणाखाण्यापुरतें. दर रविवारीं फोनच्या पडद्यावर आमची भेट होई. "जेवलास का?" "हो." "अभ्यास झाला?" "हो." "पाऊस आहे का रे तिकडे?" "नाही." चार मिनिटांत आजा आणि नातू दोघेहि रिकामे. चौतीस वर्षें मराठी व संस्कृत शिकविलेल्या माणसाला स्वतःच्या नातवाशीं बोलावयास पांचवें मिनिट सांपडूं नये, हें मला लागलें. त्याला माझ्या बाकावर आणतां येत नसेल तर आपण त्याच्या बाकावर जाऊन बसावें, असें मीं ठरविलें.

आरंभीं तर मोठी मौज वाटली. ज्यानें आयुष्यभर मुलांकडून विभक्ति घोकून घेतल्या त्याला, जिच्यांत विभक्ति नाहीं, लिंग नाहीं, क्रियापदाचीं रूपें नाहींत, अशी भाषा भेटली म्हणजे सासुरवास संपल्यासारखें होतें. शिवाय मराठी माणसाच्या पदरीं कांहीं पुण्याई आधींच असते. इंग्रज लोक पेकिंगचें आद्याक्षर हल्लीं 'ब' असें लिहितात. पण तेथील उच्चार आपल्या 'प'चाच. 'प' आणि 'फ' यांतला जो भेद साहेबाला महिनेच्या महिने छळतो तो आपण आईच्या मांडीवर शिकलेला असतों. 'चहा'तला च आणि 'चाका'तला च हे दोन निराळे वर्णहि आपल्या जिभेला सवयीचे. आणि 'चहा' हा शब्दच मूळचा तिकडचा! चिनी लोक त्याला 'छा' म्हणतात. तेव्हां पहिल्याच दिवशीं एक शब्द मला येत होता, आणि तोहि रोज दोन वेळां लागणारा.

चिनी माणूस वस्तु नुसती मोजीत नाहीं. तिच्या जातीचें एक माप मध्यें घालतो. मासा, नदी आणि रस्ता हीं लांबट म्हणून एका मापाचीं. कागद, मेज व तिकीट हीं सपाट म्हणून दुसऱ्या मापाचीं. सुरी, छत्री आणि खुर्ची हीं हातानें धरावयाचीं म्हणून तिसऱ्या मापाचीं. सौभाग्यवतीला हें सांगतांच ती म्हणाली, "यांत नवल तें काय? आपण मेथीची जुडी, केळ्यांची फणी, विड्याच्या पानांची कवळी आणि बांगड्यांचा वाटा म्हणतोंच कीं!" मला तीन दिवसांनीं समजलेली गोष्ट तिला तांदूळ निवडतां निवडतां समजली.

माझी गाडी अडली ती स्वरांपाशीं. चिनी भाषेंत शब्दाचा अर्थ त्याच्या चढउतारावर ठरतो. एकच 'मा' सपाट काढला तर आई, चढवून काढला तर ताग, खालीं नेऊन वर आणला तर घोडा आणि वरून खालीं टाकला तर शिवी देणें. आई आणि घोडा मला कसेबसे वेगळे काढतां आले. पण 'माइ' या शब्दानें माझा पराभव केला. तो खालीं नेऊन उचलला म्हणजे खरेदी करणें, वरून आपटला म्हणजे विकणें. कागदावर गोंधळ मुळींच नाहीं. हल्लींच्या सोप्या लिपींत 'खरेदी'च्या अक्षरावर बेरजेच्या चिन्हासारखी एक फुली ठेवली कीं 'विक्री' होते. जणूं दुकानदाराचा नफाच वर ठेवला आहे! डोळ्यांना हें स्पष्ट दिसे. कानांना मात्र दोन्ही एकच. भिंतीवरचीं जुनीं घड्याळें दुरुस्त करण्याचा मला नाद आहे. लंबक किंचित् तिरपा झाला तरी टिकटिकीवरून मी तें ओळखतों. तेच कान येथें बहिरे झाले.

"आजोबा, तुम्ही मासे विकायला निघालात?" नातू हंसून म्हणे, आणि लगेच, "परत म्हणा." मी परत म्हणें. "परत." एका रविवारीं मीं मोजलें, त्यानें मला चौदा वेळां "परत" म्हटलें, आणि चौदाव्या वेळचा आवाज पहिल्या वेळेइतकाच गोड होता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वस्थ बसून राहिलों. मला माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवला.

पस्तीसेक वर्षांपूर्वींची गोष्ट. मिरकरवाड्याकडून एक कोळ्याचा मुलगा आठवीच्या वर्गांत येत असे. 'ण' कांहीं केल्या त्याच्या तोंडून निघत नसे. मी त्याला उभा करीं आणि 'पाणी, लोणी, कणीस' म्हणावयास लावीं. तो 'पानी, लोनी, कनीस' म्हणे आणि वर्ग खदखदून हंसे. फळ्यावर मी 'न' आणि 'ण' शेजारीं शेजारीं काढून दाखविले. फळ्यावर जो भेद दिसतो तो कानाला ऐकूं आलाच पाहिजे, अशी माझी खात्री होती. एकदां चिडून मी म्हणालों, "अरे, तुझे हे कान आहेत कीं शिंपले?" वर्षअखेरपर्यंत मुलें त्याला 'शिंपला' म्हणत होतीं. पुढल्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. घरची होडी होती, बापाला मदत हवी होती. कारण तेंच असेल. परंतु तें कारण त्या वेळीं मला फार सोयीचें वाटलें, हें आतां कबूल केलें पाहिजे.

तो गृहस्थ अजून मिरकरवाड्याच्या बंदरावर भेटतो. इतकीं वर्षें मी त्याच्याकडून मासळी घेत आलों आहें आणि तो मला आदरानें 'सर' म्हणत आला आहे. गेल्या कार्तिकांत एका संध्याकाळीं मी गेलों तेव्हां अंधार पडला होता आणि तो होडीची वाट पाहत धक्क्यावर उभा होता. समुद्रांतून एका इंजिनाचा आवाज आला. "हा आमचा नाय, सर," तो म्हणाला. थोड्या वेळानें दुसरा आवाज आला. मला तो पहिल्यासारखाच वाटला. "हा आमचा." खरोखरच त्याची होडी धक्क्याला लागली.

मग मात्र मला राहवेना. मी चिनी शिकतों आहें, दोन शब्द मला वेगळे ऐकूं येत नाहींत, आणि एके काळीं मीं त्याला काय म्हटलें होतें तें मला आठवतें, हें सारें मी एका दमांत बोलून गेलों. तो कांहीं वेळ गप्प राहिला. "शिंपल्याला पन काय तरी ऐकू येत असेल, सर," तो हंसून म्हणाला, "दर्यातच असतो ना तो! कुठले शब्द ते? ऐकू दे."

मीं फोनवर दोन्ही शब्द लावले. त्यानें डोळे मिटून दोनदां ऐकले. "पयला खाली जाऊन वर येतो, होडी लाटेवर येते तसा. दुसरा वरनं आपटतो." आणि त्यानें ते म्हणून दाखविले. मीं त्याच्यामागून म्हटले. तो म्हणाला, "परत, सर."

बांगड्यांचा वाटा पिशवींत घालतां घालतां तो म्हणाला, "शिकवनीचे पैसे नकोत, मासळीचे तेवढे द्या." तो 'न' मला स्वच्छ ऐकूं आला. या खेपेस त्यांत कांहीं चुकलें आहे असें मला वाटलें नाहीं.

पुढल्या रविवारीं मीं दोन्ही शब्द म्हणून दाखविले. नातवाचे डोळे मोठे झाले. "बरोबर, आजोबा! कोणी शिकवलं?" मग मला त्याला मिरकरवाड्याचें बंदर, अंधारांतल्या होड्या, इंजिनांचे आवाज आणि आठवीच्या वर्गांतला तो मुलगा, ही सारी हकीकत सांगावी लागली. मध्यें मध्यें तो "म्हणजे काय?" विचारी आणि मी "परत ऐक" म्हणें. त्या दिवशीं आमचें बोलणें चाळीस मिनिटें चाललें. आणि 'माइ' हा शब्द सोडला तर तें सारें मराठींत झालें.